घोट्यातली रेष

घोट्यातली ती रेष सर्वप्रथम मला दिसली, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. पुढे या प्रकरणात रुग्णालयाच्या खिडक्या, जिने, तीन पानी निवेदन आणि माझा स्वतःचा डावा पाय असे बरेच काही गुंतत गेले आणि त्या गदारोळात मूळ शोध कोणाचा, हे लोक सोयीस्करपणे विसरले. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की, शोध तुमचा होता हे कोणी नाकारत नाही, म्हणूनच तर सगळे हसतात. या विधानाचा पूर्वार्ध मी स्वीकारतो.

सोमवारी संध्याकाळी माझी दहा वर्षांची मुलगी आमच्या इमारतीच्या जिन्यावर, खालून चौथ्या पायरीवरून उडी मारताना पडली. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण ती कधी बसलेली नसते, सदैव कुठेतरी निघालेली असते. तिच्या हातात त्या वेळी लाटणे होते. लाटणे हे रिले शर्यतीतल्या दांडक्याच्या जागी होते आणि उडी ही शेवटच्या टप्प्याची तयारी होती. दोन वर्षे ती शाळेच्या संघात राखीव म्हणून बाकावर बसली होती. यंदा तिला चौथा टप्पा मिळाला होता, म्हणजे दांडके घेऊन शेवटची रेष ओलांडण्याचा मान. शर्यत पुढच्या आठवड्याच्या शनिवारी होती. पडल्यावर ती रडली नाही. वेणीचे टोक तोंडात धरून उठली आणि म्हणाली, "मला काही झालेलं नाही. कोणी विचारू नका."

न विचारणे हे आमच्या इमारतीच्या स्वभावात नाही. खालच्या मजल्यावरच्या मावशी गरम पाण्याची पिशवी घेऊन वर आल्या आणि वरच्या मजल्यावरचे मोजणीकाका बर्फ घेऊन खाली आले. मोजणीकाकांनी उभे आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवले. निवृत्तीनंतर जमिनी मिळेनाशा झाल्यामुळे ते आता समोर येईल ते मोजतात. दोघांचीही मने न मोडण्याचे धोरण पत्नीने स्वीकारल्यामुळे एका संध्याकाळी त्या घोट्याने सगळे ऋतू पाहिले. मोजणीकाकांनी फीत काढून सुजेचा घेर घेतला, वहीत लिहिला, आणि उजवा पाय डाव्याहून पाऊण इंच जाड असल्याचे जाहीर केले. त्यांतला पाव इंच मोज्याचा होता, हे माझ्या लक्षात आले. मी ते सांगितले. त्यावर ते म्हणाले, "संपादक, मोजा दोन्हीकडे धरला तर फरक जातो." दुसऱ्या पायात मोजा नव्हता. शिवाय मी संपादक नाही. मी मुद्रितशोधक आहे. पाठ्यपुस्तके छापण्यापूर्वी त्यांतल्या चुका शोधणे हे माझे तीस वर्षांचे काम आहे. हे मी काकांना अनेकदा सांगितले असून त्यांनी ते एकदाही ऐकलेले नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुंगीला चार पावले चालायला सांगितले. ती चालली. मग त्यांनी इथे तिथे दाबून विचारले. ती नाही म्हणाली. मुरगळला आहे, पट्टी बांधा, फोटोची गरज नाही, असा निकाल त्यांनी दोन मिनिटांत दिला.

मी त्यांना शांतपणे विचारले की, पुस्तकात चुका नाहीत असे लेखक म्हणाला, तर ते तसेच छापायला पाठवावे काय? डॉक्टर म्हणाले, मूल सांगते आहे ना दुखत नाही म्हणून. मी म्हणालो, हितसंबंध गुंतलेल्या साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. या साक्षीदाराला शनिवारी पळायचे आहे. बाहेर सतरा रुग्ण खोकत होते. माझा तिसरा मुद्दा सुरू होताच डॉक्टरांनी क्ष-किरणाची चिठ्ठी लिहून दिली. तिच्यावरचे अक्षर पाहता ती त्यांनी रागाने लिहिली असावी, किंवा नेहमीसारखी.

"बाबा," बाहेर आल्यावर मुंगी म्हणाली, "फोटोत काही निघालं नाही, तर मी पळणार. कबूल?"

"लेखी अहवाल आला, त्यात काही नाही असे असले, तर कबूल," मी म्हणालो. आमच्या घरात लेखी या शब्दाला मोठे वजन आहे.

रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात निवृत्तीला आलेले एक तंत्रज्ञ होते. त्यांनी आपल्या हयातीत शब्द फार जपून वापरले असावेत, कारण त्यांच्याकडे अजून बरेच शिल्लक होते. त्यांनी मुंगीचा पाय समोरून, बाजूने आणि किंचित आत वळवून अशा तीन प्रकारे टिपला. दर वेळी उजव्या पायाची खूण म्हणून शिशाचे एक अक्षर शेजारी ठेवले. ही पद्धत मला आवडली आणि मी तसे बोलून दाखवले. मग मी दुसऱ्या पायाचाही फोटो काढण्याची विनंती केली. तंत्रज्ञांनी विचारले, दुसऱ्या पायाला काय झाले आहे? मी म्हणालो, काही नाही. त्यांनी विचारले, मग त्याला किरण कशाला? मी त्यांना समजावून सांगितले की, दोन प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही जबाबदार माणसाला निर्णय देता येत नाही.

"लहान मूल आहे," ते म्हणाले. "उगीच किरण देत नाही. तुमचा काढतो. चिठ्ठी आणा."

हे त्यांचे त्या दिवसातले सर्वांत लांब भाषण होते आणि ते मी मनात नोंदवून ठेवले.

बुधवारी अहवाल आणि फोटो मिळाले. अहवाल दोन वाक्यांचा होता: 'अस्थिभंगाचा पुरावा आढळत नाही. लक्षणांशी पडताळून पाहावे.' काय पडताळावे, कोणी पडताळावे आणि पडताळून झाल्यावर कोणाला कळवावे, याबाबत लेखकाने मौन पाळले होते. जबाबदारी वाचकावर ढकलून मोकळे होणारे गद्य मी बरेच वाचले आहे, पण इतक्या थोडक्यात कोणाला जमलेले पाहिले नव्हते. मुंगीने मात्र पहिलेच वाक्य वाचले आणि लाटणे घेऊन जिन्याकडे निघाली.

मी फोटो बैठकीच्या खिडकीच्या काचेवर चिकटवला. उजेड चांगला होता. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड असते, त्याच्या टोकापासून थोडे वर, हाडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक काळी रेष गेलेली होती. मी चष्मा पुसला. रेष जागेवरच होती. शेजारच्या जाड हाडातही तशीच एक होती. मी मुंगीला जिन्यावरून परत बोलावले, लाल पेन्सिलीने बारीक हाडाच्या रेषेभोवती वर्तुळ काढले आणि समासात प्रश्नचिन्ह केले.

पत्नीने पाहिले आणि विचारले, तिथे डॉक्टर बसले आहेत, त्यांना दिसली नसेल का? मी म्हणालो, पुस्तकाचे लेखकही बसलेलेच असतात. मोजणीकाका भिंग घेऊन आले आणि दहा मिनिटे खिडकीला नाक लावून उभे राहिले.

"संपादक, ही भेग नाही," ते म्हणाले. "भेग वेडीवाकडी जाते. ही बघा कशी रेखीव आहे. ही हद्द आहे. अलीकडची जमीन वेगळी, पलीकडची वेगळी."

मी त्यांना नम्रपणे सांगितले की, माझ्या मुलीचा पाय म्हणजे वादातला भूखंड नव्हे. ते म्हणाले, "वाद तर तुम्हीच घातलाय," आणि भिंग घेऊन वर गेले.

"मला दुखत नाहीये," मुंगी म्हणाली. वेणी तोंडात असल्यामुळे वाक्य अस्पष्ट आले. "अहवालात काही नाही. तुम्ही कबूल केलं होतं."

मी कबूल केले होते. शब्द फिरवणारा माणूस मी नाही. म्हणून आता अहवालच दुरुस्त करून घेणे एवढा एकच सरळ मार्ग माझ्यापुढे उरला. तोवर जिन्यावरचा सराव बंद, असे मी जाहीर केले. तेव्हापासून मुंगी माझ्याशी फक्त पत्नीमार्फत बोलू लागली.

गुरुवारी रजा टाकून मी रुग्णालयात गेलो. पहिल्या खिडकीने मला दुसरीकडे पाठवले. दुसरीने विचारले, रुग्ण कुठे आहे? मी म्हणालो, रुग्ण शाळेत आहे, तक्रार इथे आहे. तिने तिसरीकडे पाठवले. तिसरी खिडकी चहाला गेली होती. चौथ्या खिडकीतल्या कारकुनांनी माझे सगळे म्हणणे ऐकून घेतले, आणि ते अहवालाच्या नव्हे तर पंख्यांच्या दुरुस्तीचे काम पाहतात असे सांगितले. तरीही जाता जाता त्यांनी मोलाची माहिती दिली: अहवालाविरुद्ध आक्षेप असल्यास तो लेखी द्यावा, दोन प्रतींत, तो थेट मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. लेखी आणि दोन प्रतींत हे शब्द ऐकून मला त्या इमारतीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

परंतु ताडून पाहायला दुसरी प्रत हवी होती. मी वरच्या मजल्यावर तंत्रज्ञांकडे गेलो आणि माझ्या घोट्याचा फोटो काढण्याची विनंती केली. त्यांनी हात पुढे केला. चिठ्ठी नव्हती. मी त्यांना पटवू लागलो की, चिठ्ठी ही गरजेची निदर्शक असते, आणि गरज तर प्रत्यक्ष उभी आहे. ते जेवायला निघाले होते. ते दार लावत असताना मी त्यांच्याकडे तोंड करून, म्हणजे जिन्याकडे पाठ करून, माझा मुद्दा पूर्ण करत मागे सरकत होतो. मुद्दा पूर्ण झाला, पण जमीन त्याच्या थोडी आधी संपली.

मी पाच पायऱ्या उतरलो, त्यांतली एकही पायाने नाही. तळाशी पोहोचलो तेव्हा डावा घोटा माझ्याखाली होता. दोन परिचारिकांनी मला खुर्चीत बसवून अपघात विभागात नेले आणि जिच्यावाचून माझे सगळे अडले होते, ती चिठ्ठी तिथे मला न मागता मिळाली.

तंत्रज्ञ जेवण अर्धे टाकून आले. "शेवटी आणलीत," ते म्हणाले.

माझे हाड शाबूत होते. फक्त पाय मुरगळला होता. पण वेदनेपेक्षा आनंद मोठा होता, कारण माझ्या फोटोत ती रेष नव्हती. संध्याकाळी मी खिडकीवर दोन्ही घोटे शेजारी शेजारी लावले. ज्याचा पाय मोडलेला नाही त्याच्या पायात रेष नाही, जिच्या पायात रेष आहे तिचा पाय मोडलेला असलाच पाहिजे. इतकी सुबक सिद्धता मला आयुष्यात पुन्हा साधणार नाही. पत्नीने माझ्या घोट्यावर बर्फ ठेवला आणि कपाळाला हात लावला. तिच्या स्वतःच्या.

शुक्रवारी मी निवेदन लिहिले. तीन पाने, अकरा कलमे. तिसऱ्या कलमात, मूल चालते एवढ्यावरून हाड शाबूत ठरत नाही, हे दाखवले. पाचव्यात, मूल दुखत नाही म्हणते, या साक्षीची किंमत शून्य का, ते मांडले. सातव्यात, अहवालात पुरावा आढळला नाही म्हणजे इजा नाही असे नव्हे, एवढाच अर्थ की पाहणाऱ्याला आढळला नाही, हे स्पष्ट केले. नववे कलम मला विशेष आवडले होते: 'कोणतीही शर्यत, मग ती वर्षातून एकदाच येणारी का असेना, वाढत्या मुलाच्या पायाहून मोलाची असू शकत नाही.' दोन प्रती चौथ्या खिडकीत पोहोचत्या केल्या. मी लंगडत परतताना कारकून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." मी आभार मानले. नंतर त्यावर बराच विचार केला.

सोमवारी आम्हा तिघांना बोलावणे आले. शर्यतीला पाच दिवस होते. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चटपटीत आणि पन्नाशीच्या होत्या. त्यांच्या टेबलावर माझे निवेदन होते आणि ते वाचलेले होते, कारण दुसऱ्या पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटलेले होते. माझे लेखन कोणी चहासोबत वाचावे, हा माझा गौरवच होता.

त्यांनी मुंगीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, माझे लाल वर्तुळ पाहिले, स्पिरिटचा बोळा घेतला आणि ते पुसून टाकले.

"रेष आहे," त्या म्हणाल्या. मी पत्नीकडे पाहिले. "सगळ्या मुलांना असते. हाड लांब होतं ते या जागी. इथं अजून कूर्चा आहे, मऊ असते, फोटोत उमटत नाही. म्हणून काळी रेष दिसते. वाढ पुरी झाली की बुजते."

"माझ्या फोटोत नाही," मी म्हणालो.

"तुमची वाढ कधीच थांबलीय."

पत्नीने पदर तोंडाला लावला. हे वाक्य पुढे आमच्या घरात किती कामाला येणार आहे, याची मला तत्क्षणी कल्पना आली. त्याहून बोचले ते असे की, मोजणीकाकांचे बरोबर होते. ती हद्दच होती, अलीकडचे जून आणि पलीकडचे कोवळे यांच्यामधली.

मुंगी एव्हाना बूट चढवू लागली होती. "म्हणजे मी पळू शकते."

"थांब गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाबांचं ऐकलं, फोटोचं ऐकलं. तुझं कुठं ऐकलंय अजून?"

त्यांनी तिला तपासणीच्या टेबलावर बसवले आणि गुडघ्याखालून बोटाने दाबत दाबत खाली येऊ लागल्या. इथे? नाही. इथे? नाही. आत? नाही. पुढे? नाही. मग बाहेरच्या अंगाला, बारीक हाडावर, टोकाच्या थोडे वर. मुंगी म्हणाली, "नाही." डॉक्टरीणबाई पायाकडे पाहतच नव्हत्या. त्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"ही वेणी कधीपासून चघळते?" त्यांनी विचारले.

"गेल्या सोमवारपासून," मी तत्काळ उत्तर दिले. तपशिलात मी कधी चुकत नाही. "पडली तेव्हापासून. अगोदर ही सवय नव्हती."

आणि मग माझे उत्तर मला ऐकू आले.

सात दिवस मी तो घोटा उन्हात आणि दिव्यात वाचला होता. त्याच्या वर चार फुटांवर एक चेहरा होता. तो मी चाळलाही नव्हता.

"बाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका बोटानं दाखव. एकच जागा."

मुंगीने वेणी सोडली. तिचे बोट बराच वेळ हवेत राहिले. मग ते खाली आले आणि अगदी त्याच जागी टेकले, जिथे फोटोत माझे लाल वर्तुळ होते.

डॉक्टरीणबाईंनी त्यावर गार चिकट द्रव लावला आणि सोनोग्राफीचे यंत्र फिरवले. पडद्यावर करड्या रंगाचे धुके दिसत होते. हाडावरच्या पातळ आवरणाखाली थोडे रक्त साचले आहे, असे त्यांनी दाखवले. मला धुके दिसले, पण या वेळी मी मत दिले नाही. रेष असते ती नैसर्गिकच, त्या म्हणाल्या, पण उडीत नेमका तिथलाच कोवळा भाग हिसकला गेला आहे. मोडलेले काही नसल्यामुळे क्ष-किरणात ते उमटत नाही. तीन आठवडे आधाराचा बूट, मग हळूहळू चालणे. पळणे नाही. तीच जागा पुन्हा दुखावली तर वाढ वाकडी होण्याचा धोका असतो आणि तो घेण्यासारखा नाही.

तात्पर्य, पाय जिथे दुखावला आहे असे मी म्हणालो होतो तिथेच तो दुखावला होता, आणि ज्या कारणाने मी म्हणालो होतो ते सपशेल चूक होते. असा विजय कोणाला सांगताही येत नाही.

मुंगीने बोटांवर मोजले. तीन आठवड्यांतून पाच दिवस गेले तरी बरेच उरत होते. तिने माझ्याकडे पाहिले. बुधवारपासून ती प्रथमच माझ्याशी थेट बोलली.

"बाबा," ती म्हणाली, "वाद घाला ना."

आजवर मला वाद घालू नका असे सांगणारी माणसे सगळीकडे भेटली. घाला असे कोणी कधी म्हणाले नव्हते. मी दुखऱ्या पायावर उभा राहिलो. मी म्हणालो की, मुलगी चालते आहे, हे सर्वांनी पाहिले आहे. आठवडाभर तिने दुखण्याची तक्रार केलेली नाही. रुग्णालयाच्याच अहवालात, ज्याची भाषा मोजकी आणि निःसंदिग्ध आहे, अस्थिभंगाचा पुरावा आढळत नाही असे म्हटले आहे. शर्यत वर्षातून एकदाच येते आणि तिच्यासाठी हे मूल दोन वर्षे बाकावर बसले आहे. शेवटच्या वाक्याला माझा आवाज थोडा हलला. एरवी मांडणी चोख होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकले. मग माझे निवेदन पुढे ओढले आणि चष्मा लावला.

"चालते त्याबद्दल कलम तीन," त्या म्हणाल्या. "तक्रार नाही, त्याला कलम पाच. अहवालाबद्दल सात." त्यांनी पान उलटले. "शर्यतीचं उत्तर नवव्यात आहे. वाचू?"

"नको," मी म्हणालो. मला ते पाठ होते.

मी त्या चारही कलमांत फट शोधली. सापडली नाही. वाक्ये एकमेकांत घट्ट बसवलेली होती, कुठून आत शिरावे असे एकही ढिले अव्यय नव्हते. मी खाली बसलो.

"असं कशाला लिहिलंत?" मुंगीने विचारले. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात तक्रारीपेक्षा चौकशी अधिक होती.

"तेव्हा ठाऊक नव्हते," मी म्हणालो, "की उलट बाजूनेही मलाच बोलावे लागेल."

ती रडली. पडल्यापासून पहिल्यांदाच, आणि चांगली पोटभर. मी तिला माझा रुमाल दिला आणि तोंड बंद ठेवले. हे दुसरे काम मला जड गेले, हे पत्नीने पुढे मोजणीकाकांना सांगितले. हद्दीबद्दल मी त्यांची माफीही मागितली. "लेखी द्या," ते म्हणाले. दिली.

शनिवारी आम्ही दोघे मैदानावर गेलो, ती उजव्या पायाने लंगडत आणि मी डाव्या, त्यामुळे शेजारी चालताना आम्ही एकमेकांवर आपटत होतो. क्रीडाशिक्षकांनी तिला शेवटच्या रेषेच्या टोकाला खुर्ची दिली. चौथा टप्पा राखीव मुलीला मिळाला होता. आदल्या दोन संध्याकाळी मुंगीने लाटण्यानिशी, बसल्या जागेवरून, तिची शिकवणी घेतली होती. ती पोरगी जीव खाऊन पळाली. दोन मुली जवळजवळ एकाच वेळी चुन्याच्या रेषेवरून गेल्या आणि क्रीडाशिक्षकांनी आमचा संघ दुसरा आल्याचे जाहीर केले.

मुंगीने हात वर केला.

"सर, आमची पहिली होती."

क्रीडाशिक्षक म्हणाले, त्यांनी स्वतः पाहिले आहे.

"तुम्ही तिरके उभे होता," मुंगी म्हणाली. "मी रेषेवर बसलेय. रेषेवरून सरळ दिसतं. आमची कशी नाही, ते लेखी द्या."

क्रीडाशिक्षकांनी आवरा हिला अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मी मुलीकडे पाहिले, या वेळी पायाकडे नव्हे. चेहरा लाल होता, भुवया जुळलेल्या होत्या आणि वेणी पाठीवर जिथे असायला हवी तिथे होती. मी खिशातून लाल पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

"आक्षेप आधी तू लिहून दे," मी म्हणालो. "दोन प्रतींत."